पाऊल उचलण्यापूर्वी

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक क्रमिक पुस्तकात चेतासंस्थेवर एक प्रकरण असते आणि त्या प्रकरणात एक आकृती हमखास असते. तापलेल्या तव्याला बोट लागले आहे, बोटातून निघालेली रेघ पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेली आहे आणि तेथूनच वळून दंडाच्या स्नायूकडे परत आली आहे. खाली ओळ असते : ‘प्रतिक्षिप्त क्रिया. हिच्यात मेंदूचा सहभाग नसतो.’ मग परीक्षेला ‘ऐच्छिक व अनैच्छिक क्रियांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. आपण कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढतो. डावीकडे लिहिणे, चालणे, बोलणे. उजवीकडे शिंक, पापणीची उघडझाप, गुडघ्याचा झटका. गुण मिळतात आणि प्रश्न मिटतो.

ही उभी रेघ दिसते तितकी पक्की नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. आपण एखादी हालचाल करण्याच्या बेतात असतो, प्रत्यक्षात अजून काहीच केलेले नसते, त्या क्षणी मज्जारज्जूतल्या या ‘अनैच्छिक’ क्रिया बदललेल्या असतात. इच्छा अजून कृतीत उतरलेली नाही आणि उजवीकडच्या रकान्यात मात्र खाडाखोड सुरू झालेली आहे.

आधी गुडघाच घेऊ. एका पायावर दुसरा पाय टाकून बसावे आणि वाटीखालच्या कंडरेवर रबरी हातोडीने हलकेच टिचकावे. पाय पुढे उडतो. १८७५ साली हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचे वर्णन प्रसिद्ध केले. यामागची यंत्रणा अशी : प्रत्येक स्नायूच्या आत चरख्याच्या चातीसारखे निमुळते, अगदी बारीक अवयव असतात. स्नायू ताणला की या चात्यांना कळते. त्यांच्यातून निघालेला जाड चेतातंतू मज्जारज्जूत जातो आणि तेथे त्याच स्नायूला हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशीला थेट भिडतो. मध्ये एकच सांधा. अशा सांध्याला १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले, ते चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञामुळे. पुढे १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले. कंडरेवर टिचकी मारली की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, चाती बातमी देते, प्रेरक पेशी हुकूम सोडते. या साऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. विचाराला एवढ्यात चप्पलसुद्धा घालून होत नाही!

पण गंमत पुढेच आहे. कित्येकांचा गुडघा उडतच नाही. अशा वेळी डॉक्टर सांगतात, ‘दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवा आणि जोराने बाहेर ओढा.’ रोगी हात ओढू लागतो, त्याच क्षणी हातोडी पडते आणि मघाशी निपचित असलेला पाय टणकन उडतो. ही युक्ती हंगेरीच्या एर्नो येंद्राशिक यांनी १८८० नंतरच्या दशकात सांगितली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वसतिगृहात कोणालाही करून पाहता येईल. हातोडी नसली तर तळहाताची कड चालते. हात कुठे, गुडघा कुठे! तरीही हातांच्या जोराचा परिणाम गुडघ्याच्या झटक्यावर होतो. म्हणजे इतकी साधी, एका सांध्याची क्रियासुद्धा बंद खोलीत चालत नाही. तिची कळ कमीजास्त फिरवणारे कोणीतरी वर बसलेले आहे.

ती कळ किती फिरली हे मोजायचे कसे? हातोडीचा भरवसा नाही. घाव कधी जोरात पडतो, कधी हळू. शिवाय चाती स्वतःच कधी जास्त सावध असते, कधी कमी. ही अडचण सोडवणारी पद्धत १९१० साली पाउल हॉफमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वापरली. गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागातून पोटरीकडे जाणारी नस जाते. तिला त्वचेवरून विजेचा सौम्य धक्का दिला, तर चातीकडून येणारे जाड तंतू आधी चेततात. बातमी मज्जारज्जूत जाते, तेथून हुकूम परत येतो आणि सुमारे ३० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी तीस भाग गेल्यावर, पोटरी आकसते. पोटरीवर चिकटवलेल्या पट्ट्या त्या आकसण्याची नोंद करतात. हाच हॉफमान प्रतिक्षेप. यात चातीला वगळलेले असते. धक्का दर वेळी सारखाच ठेवायचा. उत्तर कमीजास्त आले, तर फरक मज्जारज्जूत पडला आहे असे समजायचे. मला ही कल्पना फार आवडते. विहिरीत दर वेळी तेवढाच खडा टाकायचा आणि आवाजावरून आत पाणी किती आहे ते ओळखायचे, तसेच हे.

हा खडा टाकत बसलेल्या लोकांपैकी फ्रान्समधल्या मार्सेय शहरातील झाँ रकँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते विशेषतः १९७० नंतरच्या दशकातले. प्रयोग दिसायला साधा आहे. माणूस खुर्चीत बसलेला आहे. आधी एक सावधतेची खूण मिळते : ‘तयार राहा.’ मग ठरावीक काळ, साधारण एक सेकंद, काहीच होत नाही. मग दुसरी खूण : ‘आता!’ ती मिळताच एका पायाचा चवडा शक्य तितक्या लवकर खाली दाबायचा. संशोधकांचे लक्ष दुसऱ्या खुणेनंतरच्या धावपळीकडे फारसे नव्हते. त्यांना तो मधला, रिकामा वाटणारा सेकंद हवा होता. त्या सेकंदात निरनिराळ्या क्षणी हॉफमानची तपासणी करायची. कधी ज्या पायाने दाबायचे आहे त्या पायाची, कधी दुसऱ्या पायाची.

आता अंदाज करा. कोणालाही विचारले तर तो सांगेल की ज्या पायाने काम करायचे आहे तो पाय अधिकाधिक तापत जाणार, झटका वाढत जाणार. सावधतेच्या खुणेनंतर सुरुवातीला झटका वाढतो हे खरे. पण तो दोन्ही पायांत वाढतो. जणू घरातल्या सगळ्यांनाच कोणीतरी हाक मारून उठवले आहे. नंतर, ‘आता!’ जवळ येऊ लागते तसा दोन पायांत फरक पडतो. ज्या पायाने काम करायचे आहे, त्याच पायातला झटका दुसऱ्या पायाच्या मानाने लहान होतो. ज्याला उठायचे आहे त्यालाच दाबून धरलेले असते.

मी खो-खो खेळते. चौकोनात बसलेल्या गड्याला ‘खो’ मिळाल्याशिवाय उठता येत नाही. आधी उठला तर फाउल. पाठीवर थाप पडण्यापूर्वीचा तो क्षण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक असेल की तेव्हा पाय शिवशिवत असले तरी आतून कमालीचे स्वस्थ वाटते. प्रेक्षकांना वाटते, नुसता बसला आहे. माझ्या या अनुभवाला प्रयोगाचा दर्जा नाही हे उघड आहे. पण मार्सेयचा निष्कर्ष प्रथम वाचला तेव्हा तो मला परका वाटला नाही.

असे का व्हावे? एक स्पष्टीकरण असे की चातीकडून आत येणारी बातमी सांध्यावर पोचण्याआधीच अडवली जाते. दार बंद नाही. दारावरची वर्दळ थांबवली आहे. प्रेरक पेशीपर्यंत लहानसहान बातम्या पोचू दिल्या नाहीत, म्हणजे मेंदूचा हुकूम येईल तेव्हा तो एकटाच आणि स्पष्ट ऐकू येईल. दुसरे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे : घाईने, वेळेआधी पाय हलू नये म्हणून लावलेला हा अडसर आहे. पुढे १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांच्या गटाने कवटीबाहेरून चुंबकाच्या साहाय्याने मेंदूला उद्दीपित करण्याचे तंत्र दाखवून दिले. त्या तंत्राने तपासले, तेव्हाही वाट पाहण्याच्या काळात हालचालीच्या मार्गावर दाब पडल्याचे आढळले. मात्र काही प्रयोगांत जो हात वापरायचा नाही त्याच्यावरही तो दिसला. त्यामुळे दोन स्पष्टीकरणांतला वाद अजून चालूच आहे, आणि माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

‘आता!’ ऐकल्यावर मात्र चित्र पालटते. पोटरी प्रत्यक्षात आकसू लागण्यापूर्वी अर्ध्याअधिक दशांश सेकंदापासूनच तिचा झटका झपाट्याने वाढत जातो. पायाने अजून काही केलेले नाही, डोळ्याला काही दिसत नाही, पण मज्जारज्जूत बांध फुटलेला असतो. याउलट चवडा खाली दाबण्याऐवजी वर उचलायचा असेल, तर पोटरीचा झटका आधीच कमी होतो. कारण उघड आहे. चवडा वर आला की पोटरी ताणली जाणार. पोटरी ताणली की तिच्या चात्या ओरडणार. त्यांचे ऐकले तर पोटरी आकसून चवडा पुन्हा खाली ओढणार. म्हणजे आपलीच प्रतिक्षिप्त क्रिया आपल्याच इच्छेच्या आड येणार. म्हणून पाऊल उचलण्यापूर्वीच तिला गप्प केले जाते. आपण दिवसातून हजारो पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाआधी हे शांतपणे होत असते.

ते झाले नाही तर काय होते, हे मी घरात पाहिले आहे. आमचे मामा रत्नागिरीकडे असतात. काही वर्षांपूर्वी आंबे उतरवताना ते झाडावरून पडले आणि मज्जारज्जूला इजा झाली. रज्जू पूर्ण तुटली नाही, म्हणून ते आज काठी घेऊन चालतात. पण उजवा पाय कडक. पाऊल पुढे टाकायला चवडा उचलू गेले की पोटरी एकदम ताठ होते आणि बोटे जमिनीला घासतात. चवडा टेकला की कधीकधी टाच आपोआप धडधड नाचू लागते. मामा एकदा मला म्हणाले, “बाय, ह्या पायात जोर नाही असं सगळे म्हणतात. जोर आहे गं. उलट जास्तच आहे. मी उचल म्हणतो तेव्हा तो खाली दाबतो.”

तपासणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय केवढ्याने उडाला होता! आमच्या आजीला त्यामुळे आशा वाटली; ‘बघा, पाय किती जिवंत आहे,’ असे ती कितीतरी दिवस सांगत होती. तिला खरे काय ते सांगण्याचे धैर्य घरात कोणाला झाले नाही. झटका मोठा येणे म्हणजे वरून येणारा लगाम सैल झाल्याचे लक्षण होते.

मामांचे वाक्य शास्त्राच्या भाषेतही बरोबर आहे, हे मला नंतर कळले. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००१ मध्ये असे ताठरलेले स्नायू असलेल्या रोग्यांत हेच तपासले. निरोगी माणसात चवडा उचलण्याच्या सुरुवातीला पोटरीचा प्रतिक्षेप दाबला जातो. या रोग्यांत तो दाब नीट पडत नव्हता. चालण्याच्या बाबतीतही तेच. १९८६ मध्ये कॅनडातील चार्ल्स कापादे आणि रिचर्ड स्टाइन यांनी दाखवले होते की माणूस नुसता उभा असताना पोटरीचा प्रतिक्षेप मोठा असतो आणि चालताना लहान होतो. चालतानाही तो प्रत्येक पावलात वरखाली होतो आणि पाय हवेत असताना जवळजवळ नाहीसा होतो. मामांच्या पायात ही भरतीओहोटी उरलेली नाही. ज्याला आपण ताकद कमी झाली म्हणतो, त्यात पुष्कळ भाग तयारी बिघडल्याचा असतो.

यावर कोणी विचारील, की मग सगळीच प्रतिक्षिप्त क्रिया इच्छेच्या हातात आहे की काय? तसे नाही. १९५६ सालचा पीटर हॅमंड यांचा प्रयोग येथे उपयोगी पडतो. माणसाचा कोपर वाकलेला ठेवून हात अचानक बाहेर खेचायचा. कधी त्याला आधीच सांगायचे, ‘विरोध कर’. कधी सांगायचे, ‘सोडून दे’. दंडाच्या स्नायूचे सर्वांत पहिले उत्तर फार लवकर, विसाएक मिलिसेकंदांत येते. सूचना कोणतीही असो, ते तसेच राहिले. पण त्यानंतर, सुमारे पन्नास मिलिसेकंदांनी येणारे दुसरे उत्तर सूचनेप्रमाणे बदलले. ‘विरोध कर’ म्हटले तर मोठे, ‘सोडून दे’ म्हटले तर क्षीण. आता पन्नास मिलिसेकंद म्हणजे विचार करून ठरवण्याइतका वेळ खासच नव्हे. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलानंतर एक दशांश सेकंदाच्या आत कोणी निघाला तर तो आवाजाआधीच निघाला असे धरतात. पन्नास मिलिसेकंद त्याच्याही निम्मे. विचार आधीच झालेला होता. त्याने प्रतिक्रियेची दिशा आगाऊ लावून ठेवली होती. परीक्षेच्या दोन रकान्यांपैकी हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे, हे आमच्या प्राध्यापिकांना मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, “रेघेवर लिही.”

रेघेवरच्या या जागेचा शोध अलीकडे आणखी खोल गेला आहे. १९९९ मध्ये यिफात प्रुट आणि एबरहार्ड फेट्झ यांनी माकडांच्या मज्जारज्जूतील मधल्या चेतापेशींचे थेट ध्वनिमुद्रण करावे तशी नोंद घेतली. माकडाला मनगट कोणत्या बाजूला वळवायचे ते आधी दाखवायचे आणि मग थांबवून ठेवायचे. स्नायू शांत असताना, त्या थांबलेल्या काळातच यातल्या कित्येक पेशींचे वागणे बदललेले दिसले. तोपर्यंत अशी तयारी हा मेंदूच्या वरच्या थरांचाच प्रांत मानण्याकडे कल होता. २०२१ मध्ये स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाचे स्टिलियानोस पापाइओआनू आणि मायकेल दिमित्रिऊ यांनी याहून पुढची गोष्ट सांगितली. माणसाच्या नसेत केसासारखी बारीक सुई घालून त्यांनी एकेका चातीचा आवाज ऐकला. ज्या हालचालीत एखादा स्नायू ताणला जाणार आहे, त्या हालचालीची नुसती तयारी चालू असताना त्या स्नायूच्या चात्या अगोदरच मंदावल्या होत्या. म्हणजे बातमी दारावर अडवली जाते एवढेच नाही. काही वेळा बातमीदारालाच आधी सांगून ठेवलेले असते की आता फार ओरडू नकोस. हातोडीच्या घावाबद्दल मघाशी जी शंका घेतली, ती किती रास्त होती हे यावरून कळेल.

आणि ही कळ शिक्षणानेही फिरते. कोपनहेगनच्याच शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये डेन्मार्कच्या राजेशाही बॅले मंडळातील नर्तकांची पोटरी तपासली. रोज कसून सराव करणाऱ्या खेळाडूंपेक्षा त्यांचा हॉफमान प्रतिक्षेप लहान निघाला. चवड्यावर उभे राहून पायाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून धरण्याची वर्षानुवर्षांची सवय त्यांच्या मज्जारज्जूत मुरली असावी, असे त्यांचे म्हणणे. आपण ‘अंगवळणी पडले’ म्हणतो, ते इतके अक्षरशः खरे असेल असे मला वाटले नव्हते.

मामांना मी यातला शेवटचा भाग वाचून दाखवला, तो असा. अमेरिकेतील जोनाथन वोल्पॉ यांनी १९८० नंतरच्या दशकात माकडांना, बक्षीस देऊन, स्वतःचा प्रतिक्षेप कमीजास्त करायला शिकवले. पुढे एको थॉम्पसन आणि वोल्पॉ यांनी तेच माणसांत करून पाहिले. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मज्जारज्जूची अर्धवट इजा होऊन चाल बिघडलेली माणसे होती. रोगी उभा राहतो, नसेला धक्का दिला जातो आणि पोटरीचे उत्तर केवढे आले ते समोरच्या पडद्यावर पट्टीच्या रूपाने दिसते. पट्टी ठरलेल्या मर्यादेखाली ठेवायची, एवढेच काम. कशी ठेवायची हे कोणी सांगत नाही; सांगता येतही नाही. पुन्हा धक्का, पुन्हा पट्टी. अशा ३० बैठका. शिक्षण घेतलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांचा प्रतिक्षेप कमी झाला, आणि त्यांची चाल अधिक जलद व दोन्ही पायांत अधिक सारखी झाली. रोजच्या व्यवहारातही आपण लवकर आणि लांबवर चालू लागलो आहोत, असे त्यांच्यातील काहींनी कोणी न विचारता सांगितले.

“तीस बैठका म्हणजे किती दिवस?” मामांनी विचारले. आठवड्यातून तीन, म्हणजे दहा आठवडे, असे मी सांगितले. “मृगाला सुरू केलं तर श्रावणात सुटका,” असा त्यांनी हिशेब केला आणि उरलेल्या तिघांचे काय झाले ते विचारले.

त्या तिघांचा प्रतिक्षेप कमी झाला नाही. ही पद्धत अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. नोंदीची यंत्रे लागतात, शिकवणारी तयार माणसे लागतात, आणि मेंदूकडून खाली येणारे तंतू थोडेतरी शाबूत असावे लागतात. कारण लगाम धरायचा तो त्यांनीच.